आत्ताच जेवून आले

परत आल्यापासून गावातला प्रत्येक माणूस मला एकच विचारतो: तिकडं खायला काय मिळायचं? समुद्र कसा होता, विमान कसं वाटलं, लोक कसे होते, हे सगळं नंतर. आधी पोट. आमच्या हिंगोली जिल्ह्याचं हे मला आवडतं. तर सांगते. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी त्या लोकांच्या हातचं काहीच खाल्लं नाही, आणि त्यापायी मला पहिल्याच बोटीनं माघारी धाडायचं ठरत आलं होतं. पुढं मात्र इतकं खाल्लं की वसमतच्या स्टँडवर आईची नजर माझ्यावरून दोनदा सरकून गेली. या दोन्हींच्या मधली ही हकीकत.

मी पुण्याकडच्या एका ख्रिस्ती कॉलेजात शिकते. शेवटच्या वर्षाआधी एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभर बाहेरदेशी सेवेला पाठवायची तिथं रीत आहे. पगार नसतो. राहायचं आणि जेवायचं तिथली मंडळी बघते. माझा नंबर लागला तो व्हानुआतू नावाच्या देशात. तो प्रशांत महासागरात आहे, आणि पप्पांनी मोबाइलवर नकाशा मोठा करकरून पाहिला तेव्हा कुठं चार-दोन ठिपके सापडले. मला जायचं होतं त्या बेटाचा तर ठिपकाही नव्हता.

पप्पा आमच्या छोट्या मंडळीचे पाळक आहेत. वसमत-औंढा रस्त्यावर आमचं गाव, आणि गावाच्या कडेला पत्र्याचं चर्च. मी निघायच्या आधीच्या रविवारी पप्पा उपासनेत उभे राहिले आणि म्हणाले, "आजवर तिकडून लोक आपल्याकडं आले. दवाखाने काढले, शाळा काढल्या. आता आपल्या पत्र्याखालून एक लेकरू तिकडं निघालंय." बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मला मात्र भीती वाटली. एवढा गाजावाजा झाल्यावर अर्ध्यातून परत यायची सोय राहत नाही.

निघताना

निघायच्या दिवशी सरूकाकू भेटायला आल्या. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या शेतवाल्या. हळदीचा मोठा पसारा आहे त्यांचा, आणि आई वर्षानुवर्षं त्यांच्या हळदीला कामाला जाते. माझ्या जन्माच्या वेळी आई अडली तेव्हा काकूंच्याच जीपमधून तिला वसमतला नेलं होतं. बाई जिवाला जीव देणारी. त्या दिवशी त्यांनी घरच्या हळदीची पिशवी आणि वर मूठभर हळकुंडं आणली होती.

"तिकडं अशी हळद न्हाई मिळायची," त्या म्हणाल्या. "चिमूट टाक, समदं घर घमघमंल."

आई म्हणाली, "बाई, चहा टाकू का?"

"नको गं मार्था, आत्ताच घेऊन आले."

काकू नेहमी आत्ताच घेऊन आलेल्या असायच्या. नाहीतर आत्ताच जेवून. मला लहानपणी खरंच वाटायचं की काकू दिवसभर कुठं ना कुठं जेवतच असतात, आणि मोठेपणी आपणही शेतवाले व्हायचं.

काकू गेल्यावर आईनं मला चुलीपाशी बसवून शेवटचा धडा दिला. धडा जुनाच होता, लहानपणापासून पाठ केलेला. "कुनी जेवती का म्हनलं की पहिल्यांदा न्हाई म्हनायचं. दुसऱ्यांदा बी न्हाईच म्हनायचं. तिसऱ्यांदा हाताला धरून बसवलं तर बसायचं, अन् पानात थोडं ठेवायचं. भुकेचं तोंड कुनाला दाखवू नको."

यामागं आमच्या घरची एक गोष्ट आहे. आजोबांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या माणसांना गावात दारोदार भाकर मागायला जावं लागे. भाकर वरून टाकायचे, हात लागू न देता. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी ती भाकरीची टोपली चुलीत घातली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाकडं खायला मागितलं नाही. पाहुण्याच्या घरी जाताना आई आम्हाला आधी घरी जेवू घालून न्यायची. "जेवून आलो" हे वाक्य आम्हाला प्रार्थनेइतकंच लवकर यायला लागलं.

बॅग केवढी तरी झाली. शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळे, खारोड्या, हळद. एसटीच्या कंडक्टरनं ती बघून विचारलं, "कुठं चालली एवढं घेऊन?"

"समुद्रापार," पप्पा छाती फुगवून म्हणाले.

"बरं. मी वसमतपर्यंतचंच तिकीट देऊ शकतो," असं म्हणून त्यानं तिकीट फाडलं.

हैदराबाद ते नांदी

नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून सिंगापूर, तिथून फिजी देशातलं नांदी. विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आत थंडी होती आणि खिडकीशी एक गृहस्थ झोपले होते, त्यामुळं समुद्र म्हणून मी त्यांचं टक्कलच बघितलं.

नांदीच्या विमानतळावर पुढच्या विमानाला बराच अवकाश होता. मी बाकड्यावर बॅग कवटाळून बसले होते. तिथं झाडझूड करणारी एक वयस्कर बाई माझ्याजवळ थांबली आणि चक्क हिंदीत बोलली. तिचे पूर्वज ऊसतोडीला तिकडं नेलेले, तिची हिंदी वेगळ्याच वळणाची, पण माझ्या कानाला पाणी मिळाल्यासारखं झालं. तिनं डबा उघडला. रोटी आणि बटाट्याची भाजी.

"खाओ बेटी."

"नही, खाके आयी," मी म्हटलं.

"थोडा तो खाओ."

"नही, सच्ची."

तिनं रोटीचा तुकडा मोडला आणि माझा हात धरून त्यात ठेवला. मी खाल्लं. पोटभर खाल्लं, आणि डब्यात आठवणीनं थोडं ठेवलं. आईचा नियम सातासमुद्रापार बराबर चालतो, असं मी त्याच वेळी मनाशी पक्कं केलं. तिथंच फसले.

राजधानीत

व्हानुआतूच्या राजधानीत उतरल्यावर बॅग उघडायला लावली. त्या देशात बाहेरचं बी-बियाणं, मुळं, कंद आणू देत नाहीत. गणवेशातल्या बाईनं काकूंची हळकुंडं एकेक करून उचलली, नाकाशी नेली आणि बाजूच्या टोपलीत टाकली. पुडीची पिशवी तिनं उघडली तेव्हा वरून पंखा चालू होता. तिचे हातमोजे, टेबल, माझा ड्रेस, मागच्या गोऱ्या माणसाची टोपी, सगळं पिवळं झालं. मी सवयीनं म्हणून गेले, "लग्न लागलं." कुणाला कळलं नाही ते बरंच झालं. त्या बाईला हसू आवरेना. पूड तिनं राहू दिली.

पुढचा प्रवास मालवाहू बोटीचा. तांदळाची पोती, पत्रे, रॉकेलचे डबे आणि दोन डुकरं, त्यांच्यात मी. येलदरी धरणापलीकडं पाणी न पाहिलेल्या माणसाचं पोट त्या बोटीत काय होतं ते लिहीत नाही. सांगायचं एवढंच की बेट दिसलं तेव्हा माझ्या पोटात कालपासून काही टिकलं नव्हतं, आणि मला अशी भूक लागली होती की डुकरांच्या पुढ्यातली खोबऱ्याची टरफलं मला बरी दिसत होती.

बेटावर

धक्क्यावर सगळं गाव गाणी म्हणत उभं होतं. चार-चार आवाजांतलं गाणं, पेटी नाही, तबला नाही. मी उतरले तरी गाणं थांबेना, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या मागं. शेवटी मंडळीचे वडील, एल्डर टॉम म्हणून उंचेपुरे म्हातारे गृहस्थ, पुढं येऊन इंग्रजीत म्हणाले, "आणि मिशनरी कुठं आहे?"

"मीच," मी म्हटलं.

त्यांनी मला नीट पाहिलं. मग मागं वळून आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि सगळा धक्का हसला. "तुझा रंग आमच्यासारखाच आहे," ते म्हणाले. "बरं झालं. आधीच्या मिस पहिल्याच आठवड्यात उन्हानं सोलून निघाल्या होत्या." त्यांनी माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला, आणि मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली. या लोकांना येशू सांगायला माझी काही गरज नव्हती. ते आमच्या घरापेक्षा कितीतरी पिढ्या आधीचे ख्रिस्ती. त्यांना हवी होती शाळेतल्या लेकरांना वाचायला आणि पाढे शिकवायला बाई. आधीच्या मिस गेल्यापासून शाळा जवळजवळ बंदच होती. मला उलट हायसं वाटलं. उपदेशापेक्षा पाढे मला जास्त येतात.

स्वागताचं जेवण चर्चच्या अंगणात होतं. केळीच्या पानांवर लापलाप मांडलेला. हा तिथला मुख्य पदार्थ. सुरणासारखे कंद किसायचे, नारळाच्या दुधात कालवायचे, मोठमोठ्या पानांत गुंडाळायचे आणि तापलेल्या दगडांत पुरून भाजायचे. पानं दिसायला आमच्या हळदीच्या पानांचा थोरला भाऊ. वास आला तो पळसाच्या पानात भाजलेल्या पानग्यांचा, आमच्या शेतातला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला दिलेल्या खोलीच्या शेजारची एक धिप्पाड बाई, मामा लेसी (तिकडं मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई), पान भरून माझ्यापुढं आली.

"काकाय?" ती म्हणाली. तिकडं खाण्याला काकाय म्हणतात.

"थँक यू," मी हसून म्हटलं, "आत्ताच जेवून आले. बोटीवर."

मामा लेसीनं मान डोलावली आणि पान घेऊन गेली.

मी वाट बघत बसले. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या गावानं तो लापलाप संपवला, बोटं चाटून.

मला वाटलं, गडबडीत राहून गेलं असेल. पण दुसऱ्या दिवसापासून रोज एका घरची पाळी. ज्याची पाळी असेल तो शाळा सुटल्यावर मला बोलवायला यायचा. मी जायचे, दाराशी बसायचे, ते पान पुढं करायचे, मी म्हणायचे जेवून आले, आणि ते पान मागं घ्यायचे. इतक्या सहजपणे मागं घ्यायचे की मला रडू यायचं. आमच्याकडं असं झालं असतं तर त्या घरच्या बाईला चार गावांत नावं ठेवली असती. मी मनातल्या मनात त्यांना ठेवलीच. अगत्य म्हणून नाही या लोकांना, एकदा विचारलं की झालं.

खोलीवर येऊन मी दार लावून घ्यायचे आणि शंकरपाळ्यावर चटणी घालून खायचे. खिडकीला पडदा नव्हता. पोरं बाहेरून बघायची आणि पळून जायची. मला वाटायचं लाजतात.

आठवडा उलटला तशी वर्गात पोरं कमी व्हायला लागली. वाटेत बाया भेटल्या की नमस्कार व्हायचा, पण नजर दुसरीकडं. शंकरपाळे संपले. चटणी तळाला गेली. पाढे म्हणताना मला चक्कर यायला लागली.

शनिवारी एल्डर टॉम आले. नीरफणसाच्या झाडाखाली बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि फार शांतपणे बोलले. "मंगळवारी बोट येते आहे. तुझं मन आमच्यात रमत नाही, ते सगळ्यांना दिसतंय. आम्ही कुणाला जबरदस्तीनं ठेवत नाही. तू परत गेलीस तर आम्ही राग धरणार नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते उठून गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर पत्र्याचं चर्च आलं. पप्पा उभे आहेत, आणि पहिल्या रांगेत मी बसलेय, महिन्याभरात परत आलेली. लोक काही म्हणणार नाहीत. पप्पाही म्हणणार नाहीत. त्या न म्हणण्याचीच मला धास्ती वाटली. मी त्या झाडाला टेकून लहान पोरासारखी रडले.

मामा लेसीनं ते पाहिलं. ती तिच्या दाराशी केवड्याच्या पातीची चटई विणत होती. तरुणपणी ती राजधानीत घरकामाला होती, म्हणून इंग्रजी बरं बोलायची. ती उठली नाही, जवळ आली नाही. तिथूनच म्हणाली, "आता काहून रडतेस?" म्हणजे ती इंग्रजीत म्हणाली, पण मला आठवतं ते असंच.

"मला का पाठवताय?" मी विचारलं.

"तू माझ्या दारात बसलीस. मी पान दिलं. तू म्हणालीस जेवून आले." ती पाती ओढत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "कुणाच्या घरी? मी घरोघरी जाऊन विचारलं, मिसला कुणी जेवू घातलं? कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी तू हेच सांगितलंस. आम्ही पुन्हा विचारलं. कुणीच नाही. मग पोरांनी सांगितलं, मिस दार लावून पिशवीतलं खाते. म्हणजे भूक लागते तुला. आमच्या हातचं तेवढं नको."

मी म्हटलं, "तसं नाही, मामा."

"मग कसं?" आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "माणूस माणसाच्या घरचं कधी खात नाही? एक तर त्याला वाटतं यात विष आहे. नाहीतर त्याला वाटतं ही माणसं घाण आहेत. तू सांग, यातलं कुठलं?"

मला आमचं अंगण दिसलं. सरूकाकू ओट्याच्या कडेला बसल्यात आणि आई विचारतेय, बाई, चहा टाकू का? आईनं कधी घरोघरी जाऊन विचारलं नव्हतं. तिला विचारायची गरज नव्हती. काकू गेल्यावर ती चुलीवरचं आधण गुपचूप उतरवून ठेवायची, आणि मी त्या वाक्याला रीतभात समजत मोठी झाले. आता मीच ते वाक्य घेऊन दुसऱ्यांच्या दारात बसत होते, आणि मामा लेसीच्या तोंडावर माझ्या आईचं तोंड होतं. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की भूकसुद्धा गेली.

भूक परत आली संध्याकाळी. मामा लेसीच्या स्वयंपाकाच्या झोपडीतून धूर निघत होता. माझ्या खोलीपासून ती झोपडी हाकेच्या अंतरावर, पण मी दारातच घुटमळत राहिले. मला आजोबांची टोपली आठवत होती. मागायचं नाही, काही झालं तरी मागायचं नाही. इंग्रजीत सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तेही गेलं नाही. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि म्हटलं, "मामा, मला भूक लागलीय. जेवायला दे."

मामा लेसी थांबली. "कधीपासून?"

"आल्यापासून."

मी आईचा धडा तिला समजावून सांगितला: पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा हात धरला की हो. तिनं डोळे मोठे केले. "तुमच्याकडं सगळेच असं खोटं बोलतात? आणि सगळ्यांना ते खोटं आहे हे माहीत असतं? मग बोलता कशाला?" ती हसायला लागली. आधी हळू, मग मांडीवर हात मारून, मग डोळ्यांतून पाणी येईतो. हसता हसताच तिनं माझ्या हातात गार झालेला उकडलेला कंद दिला आणि म्हणाली, "हे खा, तोवर मेलीस तर मला पाप."

दुसरा कंद तिनं मला किसायला दिला. सुरणासारखाच तो, हाताला खाजतो. मी खाजवत किसत होते, ती हसत होती. मी खोलीवरून काकूंची हळद आणली आणि मासळीच्या रश्शात चिमूट टाकली. झोपडी खरंच घमघमायला लागली. शेजारच्या बाया वासानं आल्या, मामा लेसीनं त्यांना गोष्ट सांगितली, त्या हसल्या, त्यांनी आणखी बायांना बोलावलं. सगळ्यांनी बसून माझ्याकडं बघितलं, आणि मी पान पुसून खाल्लं. थोडं ठेवायचं असतं ते पार विसरले.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना सुटली तशी पहिली बाई पान घेऊन दारात. "लेसीकडं जेवलीस, आता माझ्याकडं." ज्यांच्या ज्यांच्या दारात मी जेवून आले म्हटलं होतं त्या सगळ्यांनी त्या दिवशी वसुली केली. संध्याकाळी मला वाकता येत नव्हतं. कुणीही विचारलं, "मिस, जेवलीस?" की मी म्हणायचे, "नाही." हे एकच खरं उत्तर आहे, असं मामा लेसीनं मला शिकवलं होतं.

पण बोटीचं काय, ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. मंगळवारी बोट आली. मी धक्क्यावर गेले, बॅग खोलीत अर्धी भरून ठेवली होती. एल्डर टॉम खोबऱ्याची पोती चढवून घेत होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. सगळी पोती चढल्यावर ते कप्तानाला म्हणाले, "पुढच्या खेपेला खडू आण. रंगीतसुद्धा. मिसला लागतात."

मी तिथंच वाळूवर बसले. बोट भोंगा वाजवून निघाली, बेटाला वळसा घालून दिसेनाशी झाली, आणि मी बसूनच होते. मॅट्रिकच्या निकालानंतरही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पुढचे महिने भराभर गेले. पोरं बाराचा पाढा म्हणायला लागली, चार आवाजांत. तसा पाढा मी जन्मात ऐकला नव्हता. काकूंची हळद मी नखानं मोजून वापरली आणि तरी नाताळापर्यंतच पुरली. निघताना मामा लेसीनं मला केवड्याची चटई दिली आणि म्हणाली, "आईला सांग, माझ्याकडं आली तर मी एकदाच विचारेन."

परत

मी परतले तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. वसमतपासूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कढयांची वाफ, आणि एसटीत तो मातीचा, कढत वास. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं तर कंडक्टर ओरडला. मला तेसुद्धा गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सरूकाकू आल्या. तशाच ओट्याच्या कडेला बसल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "पोरगं गुटगुटीत होऊन आलं की."

"तुमची हळद साऱ्या बेटानं खाल्ली, काकू," मी म्हटलं, आणि राजधानीतल्या पंख्यापासून सगळं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मामा लेसीच्या झोपडीतलंही सांगितलं, पण अर्धंच.

आईनं नेहमीसारखं विचारलं, "बाई, चहा टाकू का?"

"नको गं मार्था, आत्ताच घेऊन आले."

माझ्या तोंडून निघून गेलं. "कुणाच्या घरी घेतला, काकू?"

"आं?"

"मी समद्या घरी विचारून येते, काकूंना चहा कुनी दिला म्हनून." मी हसत हसत म्हटलं.

पप्पांनी पेपर खाली केला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिला दुसऱ्याच दिवशी काकूंच्या कढईवर कामाला जायचं होतं, आणि गावात अशी वाक्यं परत घेता येत नाहीत. काकू माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी पदर नीट केला, पुन्हा एकदा नीट केला. त्या उठणार असं मला वाटलं.

"तिकडं हेच शिकून आली व्हय?" त्या म्हणाल्या.

"व्हय, काकू."

त्यांनी अंगणातल्या केवड्याच्या चटईकडं पाहिलं. मग आईकडं वळून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "न्हाई घेतला कुठं. टाक. साखर कमी टाक, शुगर हाय मला."

आईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती जवळजवळ पळतच आत गेली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता स्टोव्हचा. चहा आला तो पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेल्या कपांतून. काकूंनी कप दोन्ही हातांत धरला आणि पहिला घोट घेतला. मीही घेतला. चहा उकळून उकळून काळा झाला होता, आणि साखर टाकायला आई साफ विसरली होती.

आई दाराला धरून उभी होती. "कसा झालाय, बाई?"

काकूंनी आणखी एक घोट घेतला. "बराबर हाय," त्या म्हणाल्या.